एक कोटी एक्क्याण्णव लाख एकवीस हजार नऊशे एकसष्ट

गोव्यात तारखा केवळ दिनदर्शिकेत राहत नाहीत. पणजीच्या भर बाजारातून जाणारा रस्ता '१८ जून' या नावाने ओळखला जातो, त्याच शहरात '३१ जानेवारी' नावाचाही रस्ता आहे, आणि १९ डिसेंबरचे महत्त्व तर इथल्या पहिलीतल्या मुलालाही समजावून सांगावे लागत नाही. १५१० पासून चालत आलेली पोर्तुगीज सत्ता १९६१ साली त्या दिवशी संपली. ही तारीख आपण १९-१२-१९६१ अशी लिहितो. मधल्या रेघा काढून टाकल्या की एक आठ अंकी संख्या उरते : १९१२१९६१. अक्षरी लिहायची तर एक कोटी एक्क्याण्णव लाख एकवीस हजार नऊशे एकसष्ट. मला या लेखात त्या दिवसाविषयी नव्हे, तर या संख्येविषयी लिहायचे आहे.

तारखेतून शुभाशुभ काढणारे जे अंकज्योतिष म्हणतात, त्याच्याशी या लेखाचा काही संबंध नाही. १७२९ किंवा ६१७४ यांसारख्या संख्या त्यांच्या एखाद्या गुणधर्मामुळे प्रसिद्धीस आल्या. १९१२१९६१ ही संख्या मात्र कोणा गणितज्ञाने निवडलेली नाही. ती इतिहासाच्या ओघात आपल्यासमोर आली आहे, आणि म्हणूनच ती मला तपासून पाहावीशी वाटली. कोणतीही संख्या हातात घेऊन नेटाने तिच्या मागे लागले, तर ती किती बोलते याचे हे उदाहरण आहे. मात्र तपासताना एक भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो. काही गुणधर्म त्या संख्येचे स्वतःचे असतात, तर काही आपण ती ज्या पद्धतीने लिहितो त्या पद्धतीचे असतात. हे दोन्ही एकाच मापाने मोजले की गणित आणि चमत्कार यांची गल्लत सुरू होते.

सुरुवात अवयवांपासून करू. अंकांची बेरीज १ + ९ + १ + २ + १ + ९ + ६ + १ म्हणजे ३०. तीस ही ३ च्या पाढ्यात आहे, म्हणून संख्येला ३ ने निःशेष भाग जातो. तीस ९ च्या पाढ्यात नाही, म्हणून ९ ने जात नाही. ही दुसरी गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे. या कसोटीत अंकांच्या क्रमाला महत्त्व नसते, त्यामुळे तारीख वर्षापासून सुरू करून १९६११२१९ अशी लिहिली, तरी तिलाही ३ ने भाग जाणारच. ३ ने भागल्यावर आपल्याकडे ६३७३९८७ उरतात. यांना ७, ११, १३, १७ यांपैकी कोणीही भाग देत नाही. पुढची मूळ संख्या १९. तिने मात्र भाग जातो.

१९ ची कसोटी शाळेत सहसा शिकवली जात नाही, पण ती अत्यंत सोपी आहे. संख्येचा शेवटचा अंक काढून घ्यावा, त्याची दुप्पट करावी आणि ती उरलेल्या संख्येत मिळवावी. मग जे येईल त्यावर पुन्हा हेच करावे. १९१२१९६१ मधला शेवटचा १ काढला, त्याची दुप्पट २ ही १९१२१९६ मध्ये मिळवली, १९१२१९८ आले. आता ८ काढले, १६ मिळवले, १९१२३५ आले. पुढे १९१३३, मग १९१९, मग २०९, मग ३८, आणि शेवटी १९. कसोटीमागचे कारणही थोडक्यात सांगता येते. दहा गुणिले 'अ' अधिक 'ब' अशी कोणतीही संख्या घेऊन तिची दुप्पट केली, तर वीस 'अ' अधिक दोन 'ब' मिळतात. त्यातले एकोणीस 'अ' बाजूला ठेवले की 'अ' अधिक दोन 'ब' उरतात, आणि हीच आपण दर पायरीला करत असलेली बेरीज आहे. दुप्पट केल्याने १९ ने भाग जाण्या-न जाण्यात फरक पडत नाही, म्हणून ही कसोटी कधीही फसत नाही.

१९ तारखेच्या संख्येला १९ नेच भाग जावा, हे पाहिल्यावर मन थोडे थबकते. माझी भाची इथेच फोंड्याला आठवीत शिकते. तिला हे दाखवले तेव्हा तिने लगेच विचारले, "मामा, मग अठरा तारखेच्या संख्येला अठराने भाग का जात नाही?" प्रश्न अगदी योग्य जागी होता, कारण भारतीय सैन्याची कारवाई १८ डिसेंबरला सुरू झाली होती. उत्तरासाठी संख्या दोन तुकड्यांत मोडून पाहावी लागते. १९१२१९६१ म्हणजे १९ गुणिले दहा लाख, अधिक १२१९६१. पहिल्या तुकड्याला १९ ने भाग जातो हे उघडच आहे. तेव्हा सारा निर्णय दुसऱ्या तुकड्यावर, म्हणजे महिना आणि वर्ष मिळून झालेल्या १२१९६१ वर येऊन ठेपतो. महिन्यातली कोणतीही तारीख घेतली तरी हाच नियम लागू होतो : त्या तारखेने १२१९६१ ला भाग गेला तर पूर्ण संख्येलाही जाईल, नाहीतर नाही. आता १२१९६१ चे मूळ अवयव आहेत ७, ७, १९ आणि १३१. ही संख्या विषम असल्याने १८ तर बादच झाले, आणि त्यासोबत साऱ्या सम तारखाही. ३१ च्या आतले तिचे विभाजक फक्त तीन : १, ७ आणि १९. डिसेंबर १९६१ मध्ये पहिली तारीख सोडली (तिने तर कशालाही भाग जातो), तर हा गुण फक्त ७ आणि १९ या दोन तारखांकडे होता. यात दैवी संकेत नाही. पण एकतीस तारखांतून दोनच उरतात आणि त्यातली एक आपली असते, याचा मला झालेला आनंद खरा आहे.

३ आणि १९ काढून घेतल्यावर ३३५४७३ उरतात. ही मूळ संख्या आहे की नाही हे ठरवण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहणे. वर्गमूळ ५७९ च्या थोडे पुढे जाते, आणि तिथपर्यंत २ पासून ५७७ पर्यंत एकूण १०६ मूळ संख्या आहेत. संगणकाला या कामास क्षणही लागत नाही. तरीही हे भागाकार एकदा कागदावर करावेत असे माझे मत आहे, कारण कोणी भाग देता देता कसे थोडक्यात चुकते हे तेव्हाच दिसते. २९ ने भागले तर बाकी १ उरते, २४१ ने भागले तरी १ च उरते, आणि ५९ ला तर अवघा १ कमी पडतो. एकही भागाकार निःशेष होत नाही, म्हणजे ३३५४७३ मूळ आहे. बाकी १ ठेवणाऱ्या त्या २९ आणि २४१ मुळे एक उपपदार्थही हाती येतो : ३३५४७२ म्हणजे ४८ गुणिले २९ गुणिले २४१. शेकडो अंकी संख्यांच्या बाबतीत भागून पाहण्याचा हा मार्ग निरुपयोगी ठरतो. अवयव न शोधताही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वाजवी वेळात सांगणारी रीत २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली, तेव्हा जगभरच्या गणितज्ञांनी तिचे कौतुक केले.

तर १९१२१९६१ म्हणजे ३ गुणिले १९ गुणिले ३३५४७३. तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असल्याने तिचे विभाजक बरोबर आठ होतात : १, ३, १९, ५७, ३३५४७३, १००६४१९, ६३७३९८७ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून इतर सातांची बेरीज ७७१५९५९ भरते, म्हणजे संख्येच्या निम्मीही नाही. ज्यांच्या बाबतीत ही बेरीज तंतोतंत संख्येइतकी होते त्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. त्या फार विरळ आहेत. ८१२८ नंतरची पुढची परिपूर्ण संख्या थेट ३३५५०३३६ आहे आणि आपली संख्या त्या दोहोंमधल्या मोकळ्या पट्ट्यात पडते.

आता जो गुणधर्म मला सर्वांत आवडला, तो सांगतो. १ पासून १९१२१९६१ पर्यंतच्या संख्यांपैकी किती संख्यांचा हिच्याशी १ खेरीज एकही सामाईक विभाजक नाही, म्हणजे किती संख्या हिच्याशी सहमूळ आहेत, हे मोजण्याची पद्धत ऑयलरने दिली आहे. प्रत्येक मूळ अवयवातून एक वजा करून गुणाकार करायचा : २ गुणिले १८ गुणिले ३३५४७२, म्हणजे १२०७६९९२. आता हे एकूण संख्येच्या कितव्या हिश्शाइतके आहे ते पाहा. ३ मुळे दोन-तृतीयांश उरतात, १९ मुळे त्यातले अठरा-एकोणिसांश उरतात, आणि ३३५४७३ हा अवयव इतका मोठा आहे की त्याच्यामुळे जवळजवळ काहीच कमी होत नाही. दोन-तृतीयांश गुणिले अठरा-एकोणिसांश म्हणजे छत्तीस भागिले सत्तावन्न, म्हणजेच बारा भागिले एकोणीस. बारा हा महिना आणि एकोणीस ही तारीख! हा हिस्सा १२/१९ पेक्षा फक्त तीन लाखांत एक भाग इतका कमी आहे. छेदातला १९ संख्येच्या अवयवांतून आला हे समजण्यासारखे आहे. अंशातला १२ मात्र निव्वळ योगायोगाने आला. ज्याच्या मागे कारण नाही त्याला कारण चिकटवू नये. पण योगायोग सुंदर असेल तर त्याला सुंदर म्हणावे.

मूळ संख्यांचा विषय निघाला की गोव्यात दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव घ्यावेच लागते. १९०७ साली कोसबे गावात जन्मलेल्या कोसंबींना बहुतेक वाचक इतिहासकार म्हणून ओळखतात. त्यांचा पेशा मात्र गणिताचा होता. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. १९६६ साली त्यांचे निधन झाले, त्याआधीची काही वर्षे मूळ संख्यांच्या वाटणीकडे संभाव्यतेच्या नजरेने पाहण्यात ते गढून गेले होते. रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाविषयी १९५९ साली त्यांनी मांडलेली सिद्धता गणितज्ञांनी मान्य केली नाही. तरीही मूळ संख्या जणू फाशांचे दान पडावे तशा विखुरल्या आहेत असे मानून काय काय सांगता येते, हा प्रश्न आजही जिवंत आहे. आपल्या संख्येच्या परिसरात सरासरी दर सतरा संख्यांमागे एक मूळ असते, एवढे गाउसपासून चालत आलेल्या आणि १८९६ साली सिद्ध झालेल्या नियमावरून सांगता येते. एका विशिष्ट संख्येबद्दल मात्र असा अंदाज काहीच ठरवत नाही. तिथे भागाकारच करावा लागतो.

लिहिण्याच्या पद्धतीतून येणाऱ्या गुणधर्मांचा मराठीतला सर्वांत मोठा जाणकार म्हणजे दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर. डहाणूत १९०५ साली जन्मलेल्या आणि देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या या गणितप्रेमीने अंकांच्या बेरजेतून एक संपूर्ण दालन उघडले. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवावी, की नवी संख्या जन्मते. जी संख्या अशा रीतीने कोणापासूनच जन्मत नाही तिला त्यांनी स्वयंभू म्हटले. २०, ३१, ४२ या स्वयंभू आहेत. १९१२१९६१ स्वयंभू आहे का? तिला ९ ने भागल्यास बाकी ३ राहते, त्यावरून तिच्या जनक संख्येच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यास बाकी ६ राहायला हवी असे निघते. म्हणजे ती बेरीज ६, १५, २४, ३३, ४२, ५१ किंवा ६० यांपैकीच एक असणार. सातही शक्यता तपासल्या की एकच टिकते : १९१२१९२८ च्या अंकांची बेरीज ३३ आहे, आणि ३३ मिळवले की १९१२१९६१ येते. आपली संख्या स्वयंभू नाही आणि तिचा जनक एकमेव आहे. पुढे जायचे तर ३० मिळवून १९१२१९९१, त्यात ३३ मिळवून १९१२२०२४, आणि त्यात २१ मिळवून १९१२२०४५. या साऱ्या पुन्हा १९ डिसेंबरच्याच तारखा आहेत. अर्थात मिळवली जाणारी बेरीज लहान असल्याने बदल शेवटच्या चार अंकांतच, म्हणजे वर्षातच होणार, हे ओघाने आले. ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला काप्रेकरांनी हर्षद असे नाव दिले. आपली संख्या विषम आहे आणि बेरीज ३० सम आहे, तेव्हा ती हर्षद नाही.

काप्रेकरांचा ६१७४ हा स्थिरांकही इथे अनायासे भेटतो. चार अंकी संख्येचे अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेले की, चारही अंक सारखे नसतील तर, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात. १९६१ पासून निघालो तर ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४, म्हणजे पुरत्या सात पायऱ्या लागतात. संख्येचा पहिला अर्धा भाग, १९१२, मात्र ८०८२ आणि ८५३२ या शेवटच्या दोन टप्प्यांवरून तिसऱ्याच पायरीला तिथे पोहोचतो.

याहूनही वरवरचा एक गुण आहे. इंग्रजी आकड्यांत लिहिलेले १९६१ हे वर्ष कागद उलटा धरला तरी १९६१ असेच वाचता येते. देवनागरी आकड्यांत तसे होत नाही. म्हणजे हा गुण संख्येचाही नाही आणि दशमान पद्धतीचाही नाही, तो फक्त लिपीचा आहे. स्वयंभू असणे-नसणे दशमान पद्धतीवर अवलंबून आहे. पण ३, १९ आणि ३३५४७३ हे अवयव कोणत्याही लिपीत आणि कोणत्याही पायावर तेच राहतात. १९ हा पाया धरून संख्या लिहिली तर तिच्या शेवटी शून्य येईल, एवढाच काय तो फरक.

लिखाणाशी काडीचाही संबंध नसलेला असा एक गुणधर्म उरला आहे : ही संख्या दोन वर्गसंख्यांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? कोणत्याही वर्गसंख्येला ४ ने भागल्यास बाकी ० किंवा १ राहते, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ कधीच राहू शकत नाही. गोवा घटक राज्य झाले त्या ३० मे १९८७ ची संख्या ३००५१९८७ अशी होते, तिची बाकी ३ आहे, त्यामुळे तिचा निकाल अवयव न काढताही लागतो. १९१२१९६१ ची बाकी १ राहते, त्यामुळे हा अडथळा तिला नाही. अडते ते ३ पाशी. दोन वर्गांच्या बेरजेला ३ ने भाग जायचा असेल, तर त्या दोन्ही वर्गांना ३ ने भाग जावाच लागतो, आणि मग बेरजेला ९ नेही गेला पाहिजे. आपल्या अंकांची बेरीज ३० आहे, ९ ने भाग जात नाही, हे आपण आरंभीच पाहिले. म्हणजे दोन वर्गांत ही संख्या मावणार नाही. १९ मुळेही हाच अडसर येतो, कारण ३ आणि १९ या दोघांनाही ४ ने भागल्यास बाकी ३ राहते.

३३५४७३ ची बाकी मात्र १ आहे, आणि अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते हे फर्माने १६४० मध्ये सांगितले व ऑयलरने शंभरेक वर्षांनी सिद्ध केले. त्या दोन संख्या शोधताना ५ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीवरून कळते की त्यांतल्या सम संख्येच्या शेवटी २ किंवा ८ आणि विषम संख्येच्या शेवटी ३ किंवा ७ असायला हवेत. तेवढ्या खुणेवर चालत गेले की ३४८ आणि ४६३ हाती लागतात. ३४८ चा वर्ग १२११०४, ४६३ चा वर्ग २१४३६९, बेरीज ३३५४७३. दोन वर्गांच्या बेरजेला तशाच दुसऱ्या बेरजेने गुणले तर पुन्हा दोन वर्गांचीच बेरीज मिळते, हे ब्रह्मगुप्ताला सातव्या शतकात ठाऊक होते; पण इथे गुणणारी संख्या ५७ आहे आणि ती अशी बेरीज नाही.

दोन वर्ग पुरले नाहीत, तर तीन पुरतात का? ज्या विषम संख्येला ८ ने भागल्यास बाकी ७ राहत नाही, ती तीन वर्गांत नेहमी मांडता येते, हे लजांद्र आणि गाउस यांच्या काळापासून माहीत आहे. १९१२१९६१ ला ८ ने भागल्यास बाकी १ राहते. तिच्या आतला सर्वांत मोठा वर्ग ४३७२ चा, म्हणजे १९११४३८४. तो वजा केल्यावर ७५७७ उरतात, आणि ७५७७ म्हणजे ६४ चा वर्ग ४०९६ अधिक ५९ चा वर्ग ३४८१.